पांढरा होणारा ससा आणि वेताळ टेकडीवरचा आपला ससा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कोथरूडला राहणारे एक गृहस्थ रोज पहाटे वेताळ टेकडीवर फिरायला जातात. पावसाळ्यात त्यांना तिथे गडद तपकिरी ससा दिसला होता. जानेवारीत त्याच भागात दिसलेला ससा फिकट, मातकट पिवळा वाटला. त्यांची मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी उत्तर अमेरिकेतल्या, थंडीत पांढराशुभ्र होणाऱ्या सशाबद्दल वाचत होती. म्हणून त्यांनी विचारलं आहे की आपला ससाही ऋतूप्रमाणे रंग बदलतो का? त्या बर्फातल्या सशाला रंग बदलायची वेळ कळते कशी? बर्फच कमी पडू लागला तर त्याचं काय होणार? दुकानात मिळणारा पांढरा ससा त्याच्याच नात्यातला का? आणि शेवटचा प्रश्न सासवडकडच्या नातेवाइकांच्या शेतात गवत कापताना सापडलेल्या सशाच्या पिल्लाबद्दल आहे.

माझं काम पुणे जिल्ह्यातल्या माळरानांवरच्या लहान सस्तन प्राण्यांवर चालतं आणि केस, केसांची वाढ, केस झडणं हा त्यातला माझा विशेष आवडीचा भाग. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. नाही, आपला ससा ऋतूप्रमाणे रंग बदलत नाही. तुम्हाला दिसलेला फरक खोटा नाही, पण त्याची कारणं वेगळी आहेत. ती समजायला आधी त्या पांढऱ्या होणाऱ्या सशाकडे जावं लागेल.

तो म्हणजे स्नोशू ससा, शास्त्रीय नाव लेपस अमेरिकानस. अलास्का, कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या व डोंगराळ भागातल्या सूचिपर्णी जंगलांत तो राहतो. मागचे पाय शरीराच्या मानाने खूप मोठे, त्यामुळे भुसभुशीत बर्फात तो रुतत नाही. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढरा. कानांची टोकं मात्र पांढऱ्या अंगावरही काळीच राहतात आणि डोळेही काळेभोर राहतात. असं करणारा तो एकटा नाही. स्कॉटलंडपासून सायबेरियापर्यंत पसरलेला माउंटन हेअर, म्हणजे डोंगरी ससा, हेच करतो. जपानी सशामध्ये तर एकाच जातीत दोन तऱ्हा आहेत: भरपूर बर्फ पडणाऱ्या उत्तरेकडच्या आणि जपान समुद्राच्या बाजूच्या भागांतले ससे पांढरे होतात, दक्षिणेकडचे वर्षभर तपकिरी राहतात. आर्क्टिक ससा अगदी उत्तरेला, जिथे उन्हाळा जेमतेम टिकतो तिथे, बाराही महिने जवळजवळ पांढराच असतो. ध्रुवीय कोल्हा, अर्मिन (मुंगसासारखा लहान, लांबट शिकारी प्राणी), लेमिंग (उंदरासारखा प्राणी), टार्मिगन पक्षी धरून जगात अशा वीसएक जाती आहेत.

आता मूळ गोष्ट, जिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. सरडा रंग बदलतो तसा ससा बदलू शकत नाही. सरड्याची त्वचा जिवंत असते आणि तिच्या पेशींत लगेच फेरफार होऊ शकतो. केस मात्र त्वचेच्या बाहेर आला की मृत असतो. त्याच्यात जे रंगद्रव्य भरायचं ते मुळाशी वाढतानाच भरलं जातं. बाहेर आलेल्या तपकिरी केसाला पांढरं करण्याचा कुठलाही मार्ग शरीराकडे नसतो. म्हणून रंग बदलायचा तर एकच उपाय: जुना केस झाडून टाकायचा आणि त्या जागी दुसऱ्या रंगाचा नवा उगवायचा. स्नोशू ससा हे वर्षातून दोनदा करतो. शरद ऋतूत तपकिरी केस झडून पांढरे येतात, वसंतात पांढरे झडून तपकिरी येतात. एका बदलाला साधारण चाळीस दिवस लागतात. या काळात तो चक्क ठिपक्याठिपक्यांचा, कबरा दिसतो. शरदात सुरुवात पाय, कान आणि चेहऱ्यापासून होते, पाठ शेवटी पांढरी होते. वसंतात क्रम साधारण उलटा असतो. डोकं आणि पाठ आधी तपकिरी होते, पाय सगळ्यात शेवटी.

पांढरा केस म्हणजे पांढरा रंग भरलेला केस नव्हे. त्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य नसतं, एवढंच. आणि पांढऱ्या झालेल्या स्नोशू सशाचे केस फुंकर मारून बाजूला केले तर आत करडी लव दिसते. पांढरी असतात ती वरच्या लांब केसांची टोकं. शिकाऱ्याच्या नजरेला जेवढं दिसतं तेवढंच बदललेलं असतं. मला या प्राण्यात हे फार विलक्षण वाटतं.

मग वेळ कशी कळते? बर्फ बघून नाही आणि थंडी वाजली म्हणूनही नाही. हार्वर्डमधल्या चार्ल्स लायमन यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सशांना मिळणाऱ्या उजेडाचे तास कृत्रिमरीत्या कमीजास्त केले आणि त्यानुसार सशांचे रंग बदलले. घड्याळ दिवसाच्या लांबीचं आहे. डोळ्याच्या पडद्यावर पडणाऱ्या उजेडाची नोंद मेंदूतल्या जैविक घड्याळाकडे जाते, तिथून पिनियल ग्रंथीकडे. अंधारात ही ग्रंथी मेलाटोनिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) तयार करते. रात्र जितकी लांब तितका वेळ मेलाटोनिन रक्तात राहतं आणि ते पिट्युटरी ग्रंथीतून येणाऱ्या प्रोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकाला दाबून ठेवतं. प्रोलॅक्टिन कमी असताना वाढणारा केस पांढरा येतो. वसंतात दिवस मोठे होतात, प्रोलॅक्टिन वाढतं आणि त्या वेळी येणारा केस तपकिरी असतो. तापमान आणि बर्फ यांचा हात काही प्रमाणात लागतो, विशेषतः वसंतात. थंडी रेंगाळली तर तपकिरी होण्याचा वेग थोडा मंदावतो. पण शरदातल्या बदलाची सुरुवात वर्षानुवर्षं जवळजवळ त्याच दिवसांत होते, आकाशातून काहीही पडो वा न पडो.

मृग लागला म्हणून कोरड्या जमिनीत धूळपेरणी करणारा शेतकरी आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पाऊस वेळेवर आला तर त्याचं पीक सगळ्यांच्या आधी उगवतं. पाऊस लांबला तर बी वाया जातं. स्नोशू ससा दर शरदात अशीच पेरणी करतो. बर्फ पडल्यावर रंग बदलायला घेतला असता तर पुढचे चाळीस दिवस तो पांढऱ्या जमिनीवर तपकिरी दिसला असता. आधी सुरुवात करणं भागच आहे, आणि आधी सुरुवात करायची तर भरवशाचा इशारा हवा. हवामान दर वर्षी वेगळं असतं, दिवसाची लांबी मात्र हजारो वर्षांत चुकलेली नाही. म्हणून निसर्गनिवडीत हेच घड्याळ टिकलं. त्यात काही चूक नव्हती. इशाऱ्याचं आणि बर्फाचं जे नातं होतं ते आता तुटत चाललं आहे, अडचण ती आहे.

ही अडचण प्रत्यक्ष मोजली गेली आहे. मोंटाना राज्याच्या पश्चिम भागात एल. स्कॉट मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधून त्यांचा माग ठेवला. प्रत्येक सशाचा रंग किती टक्के पांढरा, त्याच्या भोवतालची जमीन किती टक्के पांढरी, हे नोंदवत गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात म्हटलं होतं की बर्फाचे दिवस घटत गेले आणि सशांचं घड्याळ तसंच राहिलं, तर उघड्या जमिनीवर पांढरा ससा दिसण्याचे दिवस या शतकाच्या अखेरीपर्यंत चौपट ते आठपट होतील. पुढे २०१६ साली मार्केता झिमोवा यांनी याच सशांच्या जगण्या-मरण्याचा हिशेब मांडला. जमिनीशी रंग न जुळणाऱ्या सशाची आठवडाभर जगून राहण्याची शक्यता ७ टक्क्यांपर्यंत घटत होती. ७ हा आकडा लहान वाटतो, पण तो एका आठवड्याचा आहे आणि आठवड्यामागून आठवडा साचत जातो. या सशांत म्हातारपणाने मरणारा क्वचितच. बहुतेक सगळे लिंक्स (रानमांजर), कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी), घुबड, गोशॉक (ससाण्यासारखा शिकारी पक्षी) यांच्याच तोंडी जातात. अशा प्राण्याच्या बाबतीत रंग जुळणं-न जुळणं हा साधा मामला नाही.

याच संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि मला वाटतं तीच जास्त काळजीची आहे. रंग न जुळणारे ससे आपलं वागणं बदलत नव्हते. आपण पांढरे आहोत आणि खाली पाचोळा आहे, हे ओळखून जास्त दाट झुडपात लपणं किंवा लवकर पळून जाणं असं काही त्यांच्यात दिसलं नाही. ससा आपल्या रंगावर विश्वास ठेवून निश्चल बसतो. ते निश्चल बसणंच त्याचं मुख्य संरक्षण आहे, आणि रंग फसला की तेच अंगलट येतं.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली कहाणीही अशीच. तिथल्या माउंटन हेअरच्या १९५०च्या सुमाराच्या जुन्या नोंदी आणि अलीकडच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा १९५० ते २०१६ या काळात वर्षातले बर्फाचे दिवस सुमारे ३७ने घटलेले आढळले. रंग बदलण्याच्या तारखा मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. साहजिकच रंग न जुळण्याचे दिवस सुमारे ३५ने वाढले. तारखा का हलल्या नाहीत, यावर संशोधकांनी सुचवलेलं एक कारण असं की शिकारीच्या छंदासाठी राखलेल्या त्या डोंगरांवर कोल्ह्यांसारखे शिकारी प्राणी माणसानेच कमी ठेवले आहेत. न जुळणारा ससा मारला गेला नाही तर निवड होणार तरी कशी?

म्हणजे सगळं संपलं का? नाही. तुमच्या मुलीने प्रकल्पात हा भाग जरूर घालावा, कारण माझ्या मते या विषयातलं सगळ्यात सुंदर काम इथेच झालं आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडे, ऑरेगन-वॉशिंग्टनच्या बाजूला, हिवाळा सौम्य असतो. तिथले बरेच स्नोशू ससे हिवाळ्यातही तपकिरीच राहतात. केस ते वेळेवर झाडतात, घड्याळ त्यांचंही चालू असतं, पण नवा येणारा केसही तपकिरीच असतो. मॅथ्यू जोन्स, जेफ्री गुड आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवून दिलं की हा फरक अगुटी नावाच्या जनुकात आहे. शरदात केस झडत असताना हा जनुक जोरात चालला तर नवा केस पांढरा येतो, नाही चालला तर तपकिरी. आणि तपकिरी राहण्याची ही आवृत्ती स्नोशू सशाची मूळची नाहीच. फार पूर्वी कधीतरी काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिटशी, म्हणजे त्याच वंशातल्या दुसऱ्या जातीशी, झालेल्या संकरातून ती आली. ती अप्रभावी आहे, म्हणून तपकिरी राहायला आई आणि बाप दोघांकडून मिळावी लागते. जिथे बर्फ कमी होता तिथे ती उपयोगी पडली आणि टिकली.

फेरो बेटांवर १८५५ साली नॉर्वेहून माउंटन हेअर नेऊन सोडले होते. सुरुवातीला ते हिवाळ्यात पांढरे होत. त्या बेटांवर बर्फ फारसा टिकत नाही. काही दशकांतच पांढरे होणारे संपले आणि आज तिथले ससे हिवाळ्यातही तपकिरी-करडेच असतात. आयर्लंडचा ससा हा माउंटन हेअरचाच उपप्रकार, आणि तोही पुरता पांढरा होत नाही. बदल घडू शकतो आणि तो आश्चर्य वाटावं इतक्या लवकर घडू शकतो, असं ही उदाहरणं सांगतात. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात: त्या जातीत तपकिरी राहणारे काही जीव आधीपासून असणं, आणि त्यांना इतरांमध्ये मिसळायला जंगलं एकमेकांना जोडलेली असणं. म्हणून मिल्स आणि सहकाऱ्यांनी पांढरे आणि तपकिरी दोन्ही प्रकार एकत्र राहतात असे प्रदेश नकाशावर दाखवून ते जपण्याचा आग्रह धरला आहे. एकेका सशाला वाचवण्यापेक्षा हे विविधतेचे पट्टे वाचवणं महत्त्वाचं, हे मला पूर्ण पटतं.

आता टेकडीवर येऊ.

आपला ससा म्हणजे लेपस निग्रिकोलिस, काळ्या मानेचा ससा. मानेच्या मागे काळा पट्टा, शेपटीची वरची बाजू काळी, बाकी अंग तपकिरी-करड्या मिसळीचं. तो आणि स्नोशू ससा एकाच वंशातले. त्याचा एक केस भिंगाखाली पाहिलात तर त्यावर काळे आणि पिवळसर पट्टे आळीपाळीने दिसतील. हे पट्टे पाडतो तोच अगुटी जनुक, जो तिकडे पांढरा रंग ठरवतो. केस वाढत असताना मध्येच काही काळ तो चालू होतो आणि तेवढा भाग पिवळसर येतो. असे हजारो पट्टे मिळून लांबून जो मुरमाड रंग दिसतो, तो आपल्या दख्खनच्या जमिनीशी असा काही जुळतो की ससा दोन पावलांवर असूनही दिसत नाही. म्हणजे यंत्रणा याच्याकडेही आहे, फक्त तिचा उपयोग वेगळा.

पांढरा तो का होत नाही, याचं उत्तर उघड आहे; पुण्यात बर्फ नाही. पण मला अनेकदा विचारलं जातं की टेकडीचा रंग तर श्रावणात हिरवा, कार्तिकात सोनेरी आणि चैत्रात उघड्या मुरमाचा असतो, मग ससा त्याप्रमाणे का बदलत नाही? प्रश्न चांगला आहे. एक तर सस्तन प्राण्यांच्या केसात हिरवं रंगद्रव्यच नसतं. काळं-तपकिरी आणि पिवळं-तांबूस ही मेलॅनिनची दोन रूपं, एवढाच साठा. दुसरं म्हणजे ज्यांच्यापासून लपायचं त्यांचे डोळे. लांडगा, कोल्हा, खोकड, कुत्रा यांना आपल्यासारखी रंगदृष्टी नसते; हिरवा आणि तपकिरी यांतला फरक त्यांना फारसा जाणवत नाही. हिरव्या गवतातला तपकिरी ससा आपल्याला लगेच दिसतो, लांडग्याला तितका नाही. उजळ आणि गडद यांतला फरक मात्र त्यांना नीट कळतो, म्हणूनच बर्फावर तपकिरी राहणं धोक्याचं असतं. शिकारी पक्ष्यांना रंग छान दिसतात, हे खरं. पण पावसाळ्यात गवत गुडघाभर वाढलेलं असतं आणि वरून बघणाऱ्या मोरघारीला ससा दिसण्याआधी गवतच दिसतं. ज्या महिन्यांत आडोसा कमी, त्या महिन्यांत जमीन नेमकी सशाच्या रंगाची असते. शिवाय पुण्यात सगळ्यात लहान दिवस ११ तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांचा, म्हणजे फरक सव्वादोन तासांचा. अलास्कातल्या फेअरबँक्सला जूनमध्ये दिवस जवळजवळ २२ तासांचा आणि डिसेंबरात पावणेचार तासांपेक्षाही लहान. तिकडचं घड्याळ इतकं ढळढळीत असतं.

हिमालयात तरी बर्फ आहे ना, असं कोणी म्हणेल. लडाख आणि सिक्कीमच्या उंचावर राहणारा लोकरी ससाही पांढरा होत नाही. त्याची लोकर दाट आणि करडी असते. त्याच हिमालयात अर्मिन मात्र हिवाळ्यात पांढरा होतो. म्हणजे बर्फ असला की पांढरं व्हायलाच हवं असा नियम नाही.

मग तुम्हाला दिसलेला फरक? पहिलं कारण उजेड. पावसाळ्यात ढगाळ प्रकाश आणि दवाने, पावसाने भिजलेली लव. ओला केस नेहमीच गडद दिसतो. जानेवारीत सूर्य तिरपा, प्रकाश पिवळा, भोवती वाळलेलं कुसळी आणि पवन्या गवत. दुसरं कारण केसांची झीज. टोकं उन्हाने फिकटतात, काटेरी झुडपांतून जाताना घासतात. तिसरं, मुरमाची धूळ. चौथं आणि सगळ्यात शक्य, तो वेगळाच ससा असेल. या जातीत व्यक्तीव्यक्तीत आणि वयानुसार बराच फरक असतो. खात्री करायची असेल तर एक कसोटी सांगतो. रंग खरोखर बदलणाऱ्या प्राण्यात मधली अवस्था दिसलीच पाहिजे: काही आठवडे अर्धं अंग एका रंगाचं आणि अर्धं दुसऱ्या, बदलाची रेषा सरकत जाणारी. आपल्या सशात असं कबरं रूप तुम्हाला सापडणार नाही. फोटो काढायचे तर दर महिन्याला एकाच वेळी, शक्यतो सूर्योदयानंतर अर्ध्या तासात, आणि चौकटीत एखादा तोच ओळखीचा दगड येईल असे काढा. त्या दगडाचा रंगही ‘बदललेला’ दिसेल आणि मुलीला प्रकाशाचा परिणाम वजा करायला शिकता येईल. प्रकल्प म्हणून हे उत्तम होईल.

आणि हो, बसलेल्या सशाचे कान पाहा. धोका जाणवला की तो कान मागे पाठीवर चिकटवतो. मानेवरचा काळा डाग त्याखाली झाकला जातो.

टेकडीबद्दल एवढं बोलतोच आहोत तर मनातलं सांगतो. बर्फातल्या सशाची जमीन हवामानामुळे बदलते आहे. आपल्या सशाची जमीन आपण हातांनी बदलतो आहोत. वेताळ टेकडीवर मोठ्या प्रमाणात गिरिपुष्प (ग्लिरिसिडियाची झाडं) लावलं गेलं. सासवड, बारामती, इंदापूरकडच्या माळांची सरकारी दफ्तरी ‘पडीक’ अशी नोंद होते आणि मग तिथे खड्डे घेऊन झाडं लावणं हे पुण्यकर्म ठरतं. मारवेल, पवन्या, कुसळी, मधूनच बोराटी आणि तरवड अशी जी उघडी जमीन आपल्याला ओसाड वाटते, ती सशाची पूर्ण वाढलेली, भरलेली वस्ती असते. लांडगा, चिंकारा, खोकड, धाविक पक्षी यांचीही तीच. झाडांची सावली पडली की गवत जातं, आणि गवत गेलं की मुरमाड रंगाच्या सशाला लपायला जागा राहत नाही. रंग त्याचाही तोच राहतो, आजूबाजूचं दृश्य बदलतं. मोंटानातल्या सशाची जी गत बर्फाविना, तीच याची गवताविना. माझी मनापासून विनंती आहे की टेकडीवर वृक्षारोपणाला जाण्याआधी त्या जागी काय आहे ते एकदा वाकून पाहा. आणि फिरायला नेलेला कुत्रा साखळीत ठेवा. निश्चल बसण्यावर जगणाऱ्या प्राण्याला वासाने शोधणाऱ्या कुत्र्यापुढे काहीच उपाय नसतो.

दुकानातल्या पांढऱ्या सशाचं उत्तर सोपं आहे. पाळीव ससे युरोपातल्या बिळं करून राहणाऱ्या सशापासून आले आहेत; तो वंशच वेगळा. लाल डोळ्यांचा पांढरा ससा अल्बिनो असतो, त्याच्यात मेलॅनिन तयारच होत नाही. स्नोशू ससा पांढरा झाला तरी त्याचे डोळे काळे राहतात, कारण रंगद्रव्य बनवण्याची त्याची क्षमता शाबूत असते. पाळीव सशांत ‘हिमालयन’ म्हणून एक प्रकार मिळतो: अंग पांढरं, नाक, कान, पाय, शेपूट काळी. त्याचा रंग मात्र खरोखर तापमानावर ठरतो. मेलॅनिन बनवणारं त्याचं विकर (एन्झाइम) शरीराच्या उबदार भागात काम करत नाही, थंड राहणाऱ्या टोकांना करतं. थंड जागी ठेवलेल्या पिल्लाची ही टोकं जास्त गडद होतात. थंडीने काळा होणारा ससा, म्हणजे स्नोशूच्या नेमकं उलट! दोघांची तुलना मुलीला आवडेल. रानातला ससा मात्र घरी आणून पाळायचा विचारही करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो संरक्षित आहे. पकडणं, बाळगणं, मारणं, सगळाच गुन्हा आहे.

आता पिल्लू. हे मी शेवटी ठेवलं, पण तुमच्या नातेवाइकांना आजच कळवा. रानातल्या सशाचं पिल्लू पाळीव सशासारखं उघडंबोडकं, डोळे मिटलेलं जन्मत नाही. अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच येतं. आई त्याला गवतातल्या उथळ खळग्यात एकटं सोडून दूर राहते आणि साधारणपणे अंधार पडल्यावर दूध पाजायला थोडाच वेळ येते. तिचं दूर राहणं हीच पिल्लाची सुरक्षितता आहे, कारण पिल्लाला वास जवळजवळ नसतो आणि तिला असतो. म्हणून दिवसभर एकटं बसलेलं पिल्लू अनाथ नसतं. जखमी नसेल तर उचलायचं नाही. गवत कापून झालं असेल तर त्याच्या जागेभोवती दोन-चार हात गवत तसंच उभं ठेवायचं, किंवा कापलेल्या गवताचा सैल आडोसा करायचा, आणि माणसं व कुत्री संध्याकाळपासून तिथून दूर ठेवायची. आधीच उचलून घरी आणलं असेल तर संध्याकाळी त्याच जागी नेऊन ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते ही समजूत निराधार आहे. गायीचं किंवा म्हशीचं दूध अजिबात पाजू नका. ते त्याला पचत नाही, हगवण लागते आणि बरीच पिल्लं त्यानेच दगावतात. जखम असेल, कुत्र्याने धरलेलं असेल किंवा अंगावर माश्या बसत असतील तर पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. कुत्र्याचा दात लागलेला असेल तर वरून किरकोळ दिसलं तरी थांबू नका. जंतुसंसर्ग आत पसरतो आणि एवढ्या लहान जिवाकडे वेळ फार थोडा असतो.